पुढे काय तयार होईल?

'पुढील अभिक्रिया पूर्ण करा.' हा प्रश्न ज्याने पाहिला नाही असा विद्यार्थी महाराष्ट्रात सापडायचा नाही. डावीकडे दोन पदार्थ, मध्ये बाण आणि बाणाच्या उजवीकडे रिकामी जागा. ही जागा कशी भरायची, याचे आपल्याकडे रूढ झालेले उत्तर एकच आहे, ते म्हणजे पाठांतर. परीक्षेच्या आधी वहीच्या मागच्या पानांवर चाळीस-पन्नास समीकरणे उतरवून घ्यायची, ती घोकायची आणि पेपर झाला की विसरून जायची. शाळेत भेटणाऱ्या धातूंच्या बाबतीत हे थोडेफार निभावते. सोडियम घ्या, तो एक इलेक्ट्रॉन देणार. कॅल्शियम दोन देणार. अधातूंचे तसे नाही. एकटा नायट्रोजन ऑक्सिजनशी पाच-सहा प्रकारची संयुगे करतो. क्लोरीन कधी इलेक्ट्रॉन घेतो, तर कधी गमावतो. म्हणून विद्यार्थी अधातूंच्या प्रकरणापाशी आले की अडखळतात आणि पुन्हा घोकंपट्टीकडे वळतात.

माझे म्हणणे असे, की ही रिकामी जागा बऱ्याच वेळा विचार करून भरता येते, आणि जेव्हा ती तशी भरता येत नाही तेव्हा बहुधा प्रश्नच अपुरा विचारलेला असतो. हे शिकायला गोंदिया जिल्ह्यासारखी दुसरी शाळा नाही. धानाच्या बांध्या, राईस मिल, तलाव आणि कोळशावर चालणारे मोठे वीजकेंद्र, हे सगळे ज्या जिल्ह्यात आहे तेथील मुलांनी गंधक आणि नायट्रोजन यांची समीकरणे केवळ पाठ करावीत, हे मला पटत नाही.

प्रथम थोडा हिशेब शिकून घेऊ या. गंधकाच्या बाह्यतम कवचात सहा इलेक्ट्रॉन असतात. कवच भरण्यासाठी त्याला आणखी दोन हवेत. उलट ऑक्सिजनसारखा जबरदस्त भिडू भेटला, तर सहाच्या सहा इलेक्ट्रॉनांवरचा ताबा त्याच्याकडे जाऊ शकतो. म्हणजे गंधकाचा ऑक्सिडीकरण अंक उणे २ आणि अधिक ६ यांच्या दरम्यानच असणार. हायड्रोजन सल्फाइडमध्ये तो उणे २ असतो, मोकळ्या गंधकात शून्य, सल्फर डायऑक्साइडमध्ये अधिक ४ आणि सल्फ्युरिक आम्लात अधिक ६. ही गंधकाची शिडी झाली. नायट्रोजनची शिडी उणे ३ पासून अधिक ५ पर्यंत, कार्बन आणि सिलिकॉन यांची उणे ४ पासून अधिक ४ पर्यंत, तर क्लोरीनची उणे १ पासून अधिक ७ पर्यंत. वरची आणि खालची पायरी यांतला फरक दर वेळी आठच येतो हे तुमच्या ध्यानात आले असेल. (ऑक्सिजन आणि फ्लुओरीन या नियमात बसत नाहीत. का बसत नाहीत, याचा विचार तुम्हीच करा; उत्तर या परिच्छेदातच आहे.)

आता जो सर्वांत वरच्या पायरीवर आहे, तो फक्त खाली उतरू शकतो. नायट्रिक आम्ल ऑक्सिडीकारक का, तर त्यातला नायट्रोजन अधिक ५ वर बसलेला आहे. जो सर्वांत खाली आहे तो फक्त वर चढू शकतो. म्हणून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड हे क्षपणक आहेत. जो मध्ये आहे तो समोर कोण आहे हे पाहून वागतो. सल्फर डायऑक्साइड एका ठिकाणी ऑक्सिडीकारक आणि दुसऱ्या ठिकाणी क्षपणक कसा, हा प्रश्न मुलांना नेहमी कोड्यात टाकतो. शिडी डोळ्यांसमोर असली तर त्यात कोडे काही उरत नाही.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण संपले, की लगेच रासायनिक अभिक्रियांचे प्रकरण सुरू होते. दोन्ही प्रकरणे शेजारी शेजारी आहेत. पण वर्गात बहुधा पहिले प्रकरण मेंडेलीव्हच्या इतिहासात संपते आणि दुसरे समीकरणे संतुलित करण्यात. आवर्त सारणीतली जागा पाहून अभिक्रियेचे उत्पादित सांगायचे, हा मधला दुवा जोडायला वेळ मिळत नाही. सारणी भिंतीवर लटकत राहते.

या शिडीचा उपयोग केवळ गुण मिळवण्यापुरता नाही. घरातलेच उदाहरण घ्या. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, ती तुम्ही पाहिली असेल. तिच्यातला जो क्लोरीन जंतूंना मारतो, तो हायपोक्लोराइटच्या रूपात अधिक १ या पायरीवर असतो. संडास धुण्यासाठी मिळणाऱ्या ॲसिडात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. त्यातला क्लोरीन उणे १ वर आहे. हे दोन्ही एकत्र ओतले, तर काय होईल? एक वरून खाली येणार, दुसरा खालून वर जाणार, आणि दोघांची गाठ शून्यावर पडणार. शून्यावरचा क्लोरीन म्हणजे मोकळा क्लोरीन वायू, पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला होता तोच. 'दोन औषधे एकत्र केली की संडास दुप्पट स्वच्छ होतो' असे समजणारी माणसे घरोघर आहेत. बंद न्हाणीघरात हा प्रयोग केलेल्यांना दवाखान्यात न्यावे लागते. हे समीकरण ज्याने पाठ केले तो परीक्षेत पास होईल. ज्याला ते आधी सुचले तो आईच्या हातातली बाटली वेळेवर थांबवील.

अशा गाठीभेटी पुष्कळ आहेत. हायड्रोजन सल्फाइड (उणे २) आणि सल्फर डायऑक्साइड (अधिक ४) एकत्र आले की पिवळा गंधक आणि पाणी तयार होते. तेलशुद्धीकरण कारखान्यांत वायूंतला गंधक याच रीतीने परत मिळवतात. अमोनियम नायट्राइट तापवले तर त्यातला एक नायट्रोजन उणे ३ वर, दुसरा अधिक ३ वर. सरासरी शून्य, आणि मिळतो नायट्रोजन वायू. अमोनियम नायट्रेटमध्ये उणे ३ आणि अधिक ५. सरासरी अधिक १. अधिक १ वरचे ऑक्साइड कोणते? नायट्रस ऑक्साइड. जपून तापवल्यावर तेच मिळते. दर वेळी सरासरीचे गणित असे बिनचूक जुळेल, असे मात्र समजू नका. संहत सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन सल्फाइड यांच्यात दोघे एकाच पायरीवर न थांबता गंधक आणि सल्फर डायऑक्साइड असे दोन्ही पदार्थ मिळू शकतात. पण दिशा कळली हे काय थोडे झाले? (आणि अमोनियम नायट्रेट शाळेत तापवू नये. त्याचा स्फोट होतो.)

आणखी एक आडाखा सांगतो. तो शिडीइतकाच उपयोगी आहे आणि जवळजवळ कोणी शिकवत नाही. धातू आणि अधातू यांच्या जोड-संयुगाला पाणी किंवा आम्ल भेटले, तर अधातू बहुधा हायड्रोजन घेऊन बाहेर पडतो. गॅस वेल्डिंगच्या दुकानात कार्बाइडच्या खड्यांवर पाणी पडले की ॲसिटिलीन निघतो. मॅग्नेशियम नायट्राइडवर पाणी पडले, की अमोनिया. लोखंडाच्या सल्फाइडवर आम्ल ओतले, की सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. आता यांच्याच ओळीत बसणारा ॲल्युमिनिअम फॉस्फाइड घ्या. धान्याच्या गोदामात कीड मारण्यासाठी त्याच्या गोळ्या वापरतात, आणि गोंदियासारख्या तांदळाच्या पेठेत हे नाव नवे नाही. ही गोळी हवेतल्या ओलाव्याशी काय करील? वरच्या तीन उदाहरणांवरून शहाणा विद्यार्थी उत्तर देईल, की ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइड मागे राहील आणि फॉस्फरसचा हायड्राइड, म्हणजे फॉस्फीन वायू निघेल. अगदी हेच घडते, आणि हा वायू किड्यांप्रमाणे माणसालाही मारतो. गोळी तोडली-फोडली नाही, तिला हात लावला नाही, तरी हवेतला दमटपणा त्याचे काम करतोच. म्हणून या गोळ्या घातलेले धान्य ज्या खोलीत आहे, त्या खोलीत किंवा तिच्या लगतच्या खोलीत कोणी झोपता कामा नये. आणि हे काम जाणकाराशिवाय कोणी करू नये. गोळीत अमोनियम कार्बामेट नावाचा आणखी एक पदार्थ मिसळलेला असतो. त्यातून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सुटतात. अमोनियाचा वास धोक्याची सूचना देतो, आणि दोन्ही वायू फॉस्फीन पेटू नये म्हणून मदत करतात. गोळी तयार करणाऱ्याने उत्पादितांचा किती पुढचा विचार केला होता, ते पाहा.

आता राईस मिलकडे जाऊ या. एक क्विंटल धान भरडले तर सुमारे २० किलो तूस निघते. ते जाळले, की सुमारे ४ किलो राख उरते, आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड असतो. धानाचे रोप जमिनीतल्या पाण्यात विरघळलेले सिलिसिक आम्ल मुळांतून शोषून घेते आणि तुसात साठवते. तुसाला खरखरीतपणा येतो तो त्यामुळेच. तुसातला कार्बन जळतो, मग सिलिकॉन का जळत नाही? कारण तो आधीच अधिक ४ वर, म्हणजे आपल्या शिडीच्या टोकावर बसलेला आहे. जे एकदा जळून झाले आहे, ते पुन्हा काय जळणार? मिलच्या मागे पडलेली राख काळी असेल तर तिच्यात न जळलेला कार्बन आहे, हवा कमी पडली. करडी किंवा पांढरट असेल, तर हवा पुरेशी मिळाली. राखेच्या रंगावरून भट्टीत काय घडले ते सांगता येते. 'कार्बन + ऑक्सिजन' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हेही या राखेवरून कळते. हवा भरपूर असेल तर कार्बन डायऑक्साइड, कमी पडली तर कार्बन मोनॉक्साइड, आणखी कमी पडली तर काळी राख. हिवाळ्यात खोली बंद करून शेगडी पेटवणाऱ्यांचा जीव जातो, तो दुसऱ्या उत्तरामुळे. प्रश्नपत्रिकेत मात्र हवेचे प्रमाण न सांगता 'कार्बन + ऑक्सिजन' एवढेच छापून येते आणि कार्बन डायऑक्साइड लिहिणाऱ्याला गुण मिळतात.

सिलिका हे आम्लधर्मी ऑक्साइड आहे, मग ते पाण्यात विरघळून आम्ल का देत नाही? येथे नियम थोडा लंगडतो. सिलिकाचे अणू एकमेकांना चहूबाजूंनी जखडलेले असतात. पण कॉस्टिक सोड्याबरोबर तापवले, की आम्लधर्म उघडा पडतो आणि सोडियम सिलिकेट तयार होते. आता एक विशेष गोष्ट पाहा. बेताच्या तापमानात जळालेल्या तुसाची सिलिका अल्कलीत लवकर विरघळते, पण सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ तापलेल्या राखेतली सिलिका हळूहळू स्फटिकरूप होते आणि मग दाद देत नाही. सूत्र तेच, अणू तेच, मांडणी निराळी. अशा स्फटिकी सिलिकेची धूळ फुप्फुसांनाही फार घातक असते. केवळ सूत्र पाहून भाकीत करणारा येथे चुकेल.

याच राखेतून आणखी एक धडा मिळतो. शुद्ध केलेल्या सिलिकेवर तापलेल्या मॅग्नेशियमची क्रिया केली, तर मॅग्नेशियम ऑक्सिजन ओढून घेतो आणि सिलिकॉन मोकळा होतो. मॅग्नेशियम जास्त झाला तर मॅग्नेशियम सिलिसाइडही तयार होते. त्यावर आम्ल टाकले तर? मघाचा आडाखा सांगतो, की सिलिकॉनचा हायड्राइड निघेल. कार्बन आणि सिलिकॉन एकाच गणातले, म्हणून मिथेनमध्ये कार्बनला चार हायड्रोजन, तसे येथेही सिलिकॉनला चार. दोन्ही भाकिते खरी ठरतात. त्या वायूला सिलेन म्हणतात. मग तो मिथेनसारखा शांत असेल, असे कोणी म्हटले तर? बुडबुडा पाण्याबाहेर येऊन फुटताच तो आपोआप पेटतो! मिथेनमध्ये इलेक्ट्रॉन कार्बनकडे झुकलेले असतात, सिलेनमध्ये ते हायड्रोजनकडे झुकलेले असतात. गण सारखा म्हणून सूत्र बरोबर आले, पण विद्युतऋणतेचा विचार राहिला म्हणून स्वभाव चुकला. (हा प्रयोग शाळेत किंवा घरी करायचा नाही. वाचून समजून घ्यायचा.)

प्रयोगच करायचा असेल तर रोवणीनंतर महिनाभराने बांधीत जा. शेतकऱ्याला विचारून धानाचे एक रोप मुळासकट अलगद उपटा. चिखल खाली काळसर दिसेल, पण मुळांवर तांबूस, गंजासारखा थर असेल. चिखलात पाय रोवला की बुडबुडे वर येतील. ही सगळी अधातूंच्या अभिक्रियांची उत्तरपत्रिका आहे, फक्त ती वाचता आली पाहिजे.

बांधीत पाणी साचले, की हवा मातीत शिरू शकत नाही. मातीतले जिवाणू तेथे असलेला ऑक्सिजन थोड्याच काळात संपवतात. नंतर त्यांना इलेक्ट्रॉन स्वीकारणारा दुसरा कोणी हवा असतो. पहिल्यांदा नायट्रेटचा नंबर लागतो: अधिक ५ वरचा नायट्रोजन उतरत उतरत शून्यावर येतो आणि नायट्रोजन वायू होऊन उडून जातो, काही भाग अधिक १ वरच थांबून नायट्रस ऑक्साइड म्हणून सुटतो. त्यानंतर मॅंगनीज आणि लोह यांची पाळी. मग सल्फेट: अधिक ६ वरचा गंधक थेट उणे २ वर येऊन हायड्रोजन सल्फाइड होतो. शेवटी कार्बन डायऑक्साइडही उतरतो आणि मिथेन तयार होतो. पायाखालच्या बुडबुड्यांत तो असतो. चिखलाचा काळा रंग बव्हंशी लोहाच्या सल्फाइडाचा. आणि मुळांवर गंज का? कारण धानाचे रोप आपल्या देठातल्या पोकळ्यांतून हवा मुळांपर्यंत पोचवते. मुळांभोवतीच्या बोटभरही नसलेल्या जागेत ऑक्सिजन असतो आणि तेथे लोह पुन्हा वरची पायरी गाठते. एकाच बांधीत, एकाच वेळी, दोन बोटांच्या अंतरावर एकाच मूलद्रव्याची दोन वेगवेगळी उत्पादिते!

याचा उपयोग काय, असे विचाराल. जपानमध्ये काही भातशेतांत रोपे सुरुवातीला चांगली वाढत आणि पुढे, ओंब्या धरण्याच्या सुमारास, खंगून जात. तेथे या रोगाला 'अकिओची' म्हणतात. त्या मातीत लोह कमी होते. लोह असते तर त्याने सल्फाइडला पकडून काळ्या गाळात बसवले असते. ते नसल्याने हायड्रोजन सल्फाइड मोकळा राहिला आणि त्याने मुळे कुजवली. कारण कळल्यावर उपायही कळला: लोहयुक्त माती आणून टाकणे आणि अमोनियम सल्फेटऐवजी गंधक नसलेले खत देणे. उत्पादित कोणते, या प्रश्नाच्या उत्तरावर पीक वाचले.

आपल्याकडच्या युरियाचेही असेच आहे. युरियात नायट्रोजन उणे ३ वर आणि कार्बन अधिक ४ वर असतो. पाण्याशी अभिक्रिया होऊन अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात, तेव्हा दोघांच्याही पायऱ्या बदलत नाहीत. हे ऑक्सिडीकरण नव्हे, साधे जलविघटन आहे. आता बांधीतल्या साचलेल्या पाण्यावर शेवाळ असेल, तर दिवसा उन्हात ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकते. कार्बन डायऑक्साइड आम्लधर्मी, तो गेला की पाणी अल्कधर्मी होते. अल्कधर्मी पाण्यात अमोनियम क्षारांचे काय होते, हे तुम्ही परीक्षानळीत पाहिले आहे: अमोनिया वायू सुटतो. म्हणजे भर दुपारी साचलेल्या पाण्यावर फेकलेल्या युरियाचा काही भाग हवेत जाणार, हे शेतात न जाताही सांगता येते. खत चिखलात खोलवर मिसळावे, असे कृषितज्ज्ञ सांगतात त्यामागे हेच रसायनशास्त्र आहे. घरातल्या शेतकऱ्याला हे सांगू शकणारा नववीतला मुलगा किंवा मुलगी मला पन्नास समीकरणे घडाघडा म्हणणाऱ्यापेक्षा हुशार वाटते.

येथवर मी भाकिताची बाजू घेतली. आता त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण काही शिक्षक म्हणतात, 'मुलांना अंदाज करायला शिकवले, तर ती वाटेल ते ठोकून देतील.' या आक्षेपात तथ्य आहे. त्यासाठी आपण तिरोड्याला जाऊ. तेथील औष्णिक वीजकेंद्राची क्षमता ३३०० मेगावॅट आहे. ६६० मेगावॅटचे पाच संच. कोळशात थोडा गंधक असतोच. तो जळाला की काय मिळेल? गंधकाच्या शिडीचे टोक अधिक ६ आहे, हवा मुबलक आहे, तेव्हा विद्यार्थी बिनदिक्कत सल्फर ट्रायऑक्साइड लिहितो. पण धुराड्यातून जातो तो मुख्यतः सल्फर डायऑक्साइड. का? ट्रायऑक्साइड तयार होताना उष्णता बाहेर पडते, म्हणून भट्टीच्या तापमानाला तो टिकत नाही. धूर थंड झाला की तो टिकला असता, पण थंडपणी अभिक्रियेचा वेग इतका मंदावतो की तोवर धूर धुराड्याबाहेर गेलेला असतो. सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यात म्हणूनच ४५० अंशांच्या आसपासचे तापमान आणि व्हॅनेडियम पेंटॉक्साइडचा उत्प्रेरक लागतो.

त्याच भट्टीत नायट्रोजन उलटे वागतो. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन आपल्याभोवती सदोदित एकत्र आहेत आणि एकमेकांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. नायट्रिक ऑक्साइड तयार होताना उष्णता शोषली जाते, म्हणून भट्टीची धग त्याच्या पथ्यावर पडते. धूर थंड झाल्यावर त्याने खरे तर पुन्हा मोडायला हवे, पण येथेही वेग आड येतो आणि तो तसाच बाहेर जातो. म्हणजे 'काय तयार होऊ शकते' आणि 'तेवढ्या वेळात काय तयार होते' हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. शाळेत आपण पहिलाच विचारतो, आणि तोही अर्धवट. सल्फर डायऑक्साइडला धुराड्यात अडवायचा उपाय मात्र पहिल्याच प्रश्नातून मिळतो: तो आम्लधर्मी आहे, त्याला चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्यातून न्या, कॅल्शियम सल्फाइट होईल, आणि त्यात हवा फुंकली तर अधिक ४ चा अधिक ६ होऊन जिप्सम मिळेल. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक वीजकेंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादा ठरवल्या, तेव्हापासून या यंत्रणेचा खर्च आणि गरज यांवर देशभर वाद चालू आहे. त्या वादात भाग घ्यायला निदान समीकरण तरी कळले पाहिजे.

अंदाज चुकतात, म्हणून ते करूच नयेत का? या प्रश्नाला रसायनशास्त्राच्या इतिहासाने दिलेले उत्तर मला फार आवडते. झेनॉन कोणाशीही संयोग करत नाही, असे पाठ्यपुस्तके कित्येक वर्षे सांगत होती. लायनस पॉलिंग यांनी १९३३ मध्ये झेनॉनचे फ्लुओराइड असू शकेल असे म्हटले. पण प्रयोग करून पाहणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही, आणि पुस्तकातले वाक्य तसेच राहिले. पुढे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट यांना असे दिसले, की प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन काढून घेते. त्यांनी कोष्टक पाहिले. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते, जवळजवळ तेवढीच झेनॉनला लागते. मग झेनॉनही सुटणार नाही! मार्च १९६२ मध्ये त्यांनी दोन्ही वायू एकत्र आणले आणि पिवळसर घन पदार्थ मिळाला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या अर्गॉन प्रयोगशाळेत झेनॉन आणि फ्लुओरीन तापवून झेनॉन टेट्राफ्लुओराइड तयार झाले. आणि गंमत अशी, की बार्टलेट यांनी आपल्या पदार्थाला जे साधे सूत्र दिले होते ते पुढे तसे ठरले नाही; तो एकच शुद्ध पदार्थ नसून मिश्रण निघाले. अभिक्रिया होईल, हे भाकीत खरे. उत्पादिताचे सूत्र चुकीचे. आपल्या परीक्षेत त्यांना शून्य मिळाले असते.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की अभिक्रियेच्या प्रश्नात तापमान, प्रमाण आणि उत्प्रेरक सांगावेत, आणि कारणाला उत्पादिताइतकेच गुण ठेवावेत. कारण सुसंगत असेल आणि उत्पादित चुकले असेल, तर अर्धे गुण द्यावेत. वर्गात एखादा प्रश्न असाही टाकावा ज्याचे उत्तर शिक्षकांनी आधी सांगितलेले नाही. वेळ पुरत नाही, ही अडचण खरी आहे. पण चाळीस समीकरणे घोकून घेण्यापेक्षा शिडी आणि दोन-तीन आडाखे शिकवायला कमीच तास लागतात, आणि मोठ्या सुट्टीनंतर ते पुन्हा शिकवावे लागत नाहीत.

मी प्रश्न काढला, तर तो असा असेल. गोंदियाच्या एका राईस मिलमधली करडी राख दिली आहे. तिचे दोन भाग केले. एक भाग उघड्या लोखंडी तव्यावर पुन्हा तापवला. रंग फिका झाला आणि वजन थोडे घटले. दुसरा भाग न तापवता कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळला. बराच भाग विरघळला आणि काळा गाळ तळाशी राहिला. वरचे निवळ द्रावण निराळे काढून त्यात थेंबाथेंबाने हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, तेव्हा खिरीसारखा दाट पदार्थ तयार झाला. तव्यावर काय गेले, तळाशी काय राहिले आणि शेवटी काय दाटले? आणि पहिला भाग तव्याऐवजी १००० अंशांच्या भट्टीत दिवसभर ठेवून मग सोड्यात उकळला असता, तर विरघळलेल्या भागात काय फरक पडला असता? पुस्तक उघडे ठेवून सोडवायला हरकत नाही.